कामगार प्रतिनिधींसाठी ऑनलाइन वर्ग : काय शिकवायचं, कसं पोचवायचं?

शिवडी_नाका · १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

ठाणे-बेलापूर पट्टा, अंधेरी एमआयडीसी, तळोजा आणि अंबरनाथ इथल्या आमच्या युनियनच्या युनिट कमिट्यांचे मिळून साधारण दोनशे प्रतिनिधी आहेत. त्यांच्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षण उभारायचं आहे. आजवरची पद्धत म्हणजे परळला दोन दिवसांचं शिबिर. तीन पाळ्यांमुळे निम्मे लोकही येऊ शकत नाहीत. जे येतात त्यांच्या हातात नोटीस पडते तेव्हा शिबिराला आठ-दहा महिने उलटून गेलेले असतात. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे जुनी टिपणं जशीच्या तशी चालणार नाहीत.

सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन आहेत, बहुतेक साधे. लॅपटॉप जवळपास कुणाकडे नाही. मराठी वाचणारे जास्त, हिंदी वाचणारेही बरेच. कायद्याचे व्याख्याते तयार आहेत आणि बारा तासांची व्याख्यानं रेकॉर्ड करून टाकावीत असं त्यांचं मत आहे.

व्हिडिओ की वाचन? मूडलसारखं ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर लावावं की व्हॉट्सॲप पुरे? किती आठवडे चालवावं? आणि माणूस खरंच शिकला हे कसं ओळखायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

पाना_पक्कड · रात्री १०.१५

बारा तासांची व्याख्यानं नकोत. प्रतिनिधी कायदा शिकायला येत नाही, त्याच्या हातात एक कागद पडलेला असतो म्हणून येतो. अभ्यासक्रम कागदांवर बांधा. कारणे दाखवा नोटीस, चार्जशीट, सेवाशर्तीतल्या बदलाची नोटीस, पगारपत्रक, अपघाताची नोंद, कराराचा मसुदा. सहा कागद, सहा भाग.

चार्जशीटचा भाग कसा असावा ते सांगतो. पहिल्या पडद्यावर नमुन्याची चार्जशीट आणि एकच प्रश्न : यात काय नाही? घटनेची तारीख, वेळ आणि जागा आहे का? स्थायी आदेशांतलं (कंपनीच्या सेवा-नियमांतलं) कुठलं कलम लावलं, त्याचा आकडा आहे का? आरोप "गैरवर्तन केले" इतकाच आहे की नेमकं काय केलं ते लिहिलंय? सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का? उत्तराला किती दिवस दिलेत?

दुसऱ्या टप्प्यात कृती. कागद नाकारायचा नाही. घ्यायचा आणि पोचेवर आपल्या हाताने मिळाल्याची तारीख व वेळ टाकायची. ज्या कागदपत्रांचा उल्लेख आहे त्यांच्या प्रती लेखी मागायच्या. मुदत अपुरी असेल तर मुदत संपायच्या आत वाढ मागायची. उत्तरात माफीचं वाक्य टाकायचं नाही. "चूक झाली, पुन्हा होणार नाही" या ओळीने जितक्या चौकश्या पहिल्याच दिवशी संपतात तितक्या साक्षीपुराव्याने संपत नाहीत.

तिसऱ्या टप्प्यात चौकशी. रोजच्या कामकाजाची प्रत, उलटतपासणी, आणि मजकूर मान्य नसेल तर सहीच्या वर "खालील बाबी नोंदवल्या नाहीत" असा शेरा. निलंबन असेल तर भत्ता पहिले ९० दिवस ५० टक्के आणि पुढे ७५ टक्के, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर. हा हिशेब त्याच भागात स्वतः करायला लावा.

---

दुसरी_पाळी · रात्री १०.३१

पाना_पक्कड यांना +१. वाचनखूण साठवली.

---

कायद्याची_वही · रात्री ११.०५

कागदापासून सुरुवात करावी हे मान्य. पण कायदा बाहेर ठेवून चालणार नाही, फक्त त्याची जागा बदला. कलमं, मुदती आणि टक्केवारी व्हिडिओत कधीही बोलू नका. एक आकडा बदलला की पूर्ण चित्रण वाया जातं. प्रत्येक आकड्याचं एक वेगळं मजकुराचं कार्ड करा, त्यावर "तपासल्याची तारीख" आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं टाका. व्हिडिओत फक्त "मुदतीचं कार्ड बघा" एवढंच म्हणा.

औद्योगिक संबंध संहितेतली जी कार्डं लागतीलच ती देतो.

तक्रार निवारण समिती २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत. मालक व कामगार सारख्या संख्येने, एकूण सदस्य जास्तीत जास्त १०, महिलांना प्रमाणात जागा. कारण घडल्यापासून एक वर्षात अर्ज, समितीने ३० दिवसांत निकाल, तो मान्य नसेल तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे.

वाटाघाटीची युनियन. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या कामगारांपैकी ५१ टक्के जिच्याकडे तीच एकमेव. कुणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाटी परिषद, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. वर्गणीची पावती आता किती जपायची ते या कार्डातून आपोआप कळतं.

संपाची नोटीस आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप नाही आणि नोटिशीचं आयुष्य ६० दिवस. समेटाची कार्यवाही सुरू असताना आणि संपल्यावर ७ दिवसही नाही. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एका दिवशी मिळून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. हे शेवटचं कार्ड लाल रंगात ठेवा, कारण कमिट्यांना "सामूहिक रजा" हा जुना मार्ग सुरक्षित वाटतो.

सेवाशर्तीतल्या बदलाची नोटीस २१ दिवसांची, ती पूर्वीही तेवढीच होती. बडतर्फीविरुद्ध थेट न्यायाधिकरणात जायची कमाल मुदत मात्र ३ वर्षांवरून २ वर्षांवर आली.

जुनी कार्डं पुसू नका. "या तारखेपर्यंत" असा शिक्का मारून बाजूला ठेवा. कपाटातले जुने करार आणि निवाडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या युनियन मान्यता कायद्याच्या भाषेत बोलतात. ती भाषा वाचता आली नाही तर स्वतःचा करार वाचता येणार नाही.

---

रात्रपाळी · १३ जानेवारी, पहाटे ५.५०

व्हिडिओचं गणित. ८५४ बाय ४८० चं चित्र, सेकंदाला १५ फ्रेम, चित्राला २५० किलोबिट आणि आवाजाला एकाच वाहिनीत ४८ किलोबिट. मिनिटाला साधारण सव्वादोन एमबी होतात, म्हणजे चार मिनिटांचा तुकडा ९ एमबी. एवढा तुकडा साधा फोनही न अडता उतरवतो. बोलणाऱ्याचा चेहरा आणि कागदाचा फोटो असेल तर यापेक्षा जास्त दर्जा लागत नाही. एफएफएमपेग या मोफत साधनाने सगळे तुकडे एका आज्ञेत दाबता येतात.

नुसता आवाज ३२ किलोबिटवर ठेवला तर मिनिटाला पाव एमबी. आठ मिनिटांचा भाग दोन एमबीत बसतो. समजावणीसाठी आवाज, कागद दाखवायचा असेल तेव्हाच चित्र.

ध्वनिमुद्रण करताना पंखा आणि एसी बंद, कॉलर माइक तोंडापासून वीतभर खाली, खोलीत पडदे किंवा गाद्या असाव्यात. युनियन ऑफिसच्या टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो आणि तो नंतर काढता येत नाही. सबटायटल्स चित्रातच कायमची उमटवून टाका. ट्रेनमध्ये बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

---

खिडकी_सीट · सकाळी ८.२०

रात्रपाळीदादांचं तांत्रिक गणित बरोबर आहे, पण व्हिडिओवर एवढा भर देऊ नका असं माझं स्पष्ट मत. ट्रेनमध्ये व्हिडिओ बघून होतो आणि उतरल्यावर त्यातलं काही सापडत नाही. व्यवस्थापकाच्या केबिनबाहेर उभं असताना चार मिनिटांच्या तुकड्यातलं नेमकं वाक्य कोण शोधणार? मजकूर शोधता येतो. प्रत्येक भागाचा शेवट एका पानाच्या तपासणी यादीने करा आणि तीच छापून खिशात मावेल अशी द्या.

मांडणीही त्या माणसासाठी करा ज्याचा एक हात वरच्या दांडीला आहे. सगळं एका अंगठ्याने जमलं पाहिजे. बटणं पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात, एका पडद्यावर एकच प्रश्न, परिच्छेद चार ओळींच्या वर नको. आडवा फोन करायला लावणारं काहीही नको. चार्जशीटचा अख्खा फोटो टाकलात तर अक्षर वाचता येत नाही. त्याच्या आडव्या पट्ट्या कापून एकाखाली एक लावा.

---

पावतीपुस्तक · सकाळी ९.१०

मूडल वगैरे कशाला? व्हॉट्सॲप सगळ्यांना येतं. रोज एक ऑडिओ, आठवड्याला एक गूगल फॉर्म. खर्च शून्य.

---

मूडल_मजूर · सकाळी ११.४५

पावतीपुस्तक भाऊ, आठवण करून द्यायला व्हॉट्सॲपसारखं साधन नाही. शिकवायला मात्र ते अपुरं पडतं. मंगळवारचा ऑडिओ शुक्रवारपर्यंत शुभेच्छांच्या खाली गाडला जातो, कोण कुठे अडलं ते दिसत नाही, आणि ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. नव्या युनिटमध्ये युनियन बांधणी चालू असेल तर तो एक स्क्रीनशॉट म्हणजे सभासदांची यादीच. सूचनांसाठी चॅनेल वापरा, त्यात अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

शिकण्यासाठी मूडल. मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि अ‍ॅपमध्ये मजकूर व एचफाइव्हपीचे (पडद्यावर सोडवायचे) सराव उतरवून नेटशिवाय करता येतात. उत्तरं नेट आल्यावर आपोआप वर जातात. दोनशे लोक एकाच मिनिटाला येत नाहीत, त्यामुळे २ कोअर आणि ४ जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर पुरतो. व्हिडिओ त्यावर ठेवू नका.

जिथे घसरगुंडी होते त्या जागा सांगतो. सहा भागांचे सहा कोर्स करू नका, एका कोर्सात सहा विभाग करा. अ‍ॅपच्या मोफत पातळीवर ऑफलाइन उतरवण्यावर मर्यादा आहेत. ओटीपीने लॉगिन ठेवायचा मोह होईल, पण भारतात असे एसएमएस पाठवायला संस्थेची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडची) लागते. साधं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड द्या, आणि पासवर्ड विसरल्यावर कुणाला फोन करायचा ते पहिल्या पानावर लिहा. वापरकर्ता नाव म्हणून कंपनीचा टिकीट नंबर (कामगार क्रमांक) देऊ नका. लॉग (वापराच्या नोंदी) ठेवायची मुदत मुळात "कायम" असते, ती ९० दिवसांवर आणा.

थेट वर्गासाठी बिगब्लूबटन स्वतः बसवायच्या भानगडीत पडू नका. त्याला ८ कोअर आणि १६ जीबीचा वेगळा सर्व्हर लागतो. तयार मीटिंग सेवा घ्या.

---

अक्षरजुळणी · दुपारी १.३०

देवनागरीकडे वेळीच लक्ष द्या, नाहीतर सगळं तयार झाल्यावर डोकं धरून बसाल.

जुनी परिपत्रकं आणि करार बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील. कॉपी करून मूडलमध्ये टाकलं की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. परिवर्तक मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं चुकतात : "कार्यवाही", "निर्णय", "दुरुस्ती" हे शब्द प्रत्येक पानावर डोळ्यांनी तपासा. आकडे तर दोनदा.

दुसरं, प्रमाणपत्र. मूडल पीडीएफ ज्या पद्धतीने बनवतं तिला देवनागरीची जोडणी कळत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. प्रमाणपत्र वेब पान म्हणून बनवा आणि ब्राउझरमधून पीडीएफ छापा. नाव सभासदाने स्वतः टाइप केलेलं घ्या, इंग्रजीवरून लिप्यंतर करू नका. आपलं नाव चुकीचं छापलेलं प्रमाणपत्र कुणी भिंतीवर लावत नाही.

फॉन्ट "मुक्ता" किंवा "नोटो सान्स देवनागरी", आकार निदान १७.

---

तळोजा_फाटा · दुपारी ३.०५

हिंदीबद्दल कुणी बोललं नाही. मराठी मजकूर यंत्राने हिंदीत करून टाकू नका. इथे "समेट अधिकारी" तर हिंदी कागदांत "सुलह अधिकारी", इथे "निलंबन" तर तिथे "निलंबन" आणि "मुअत्तली" दोन्ही. आधी साठेक शब्दांची तीन रकान्यांची यादी करा : सरकारी मराठी, सरकारी हिंदी, आणि शॉप फ्लोअरवर जो शब्द बोलतात तो. दोषारोपपत्राला सगळे चार्जशीटच म्हणतात, पण कागदावर दोषारोपपत्र असतं. दोन्ही शब्द एकत्र दाखवा, नाहीतर कागद ओळखता येणार नाही.

कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी असतील तर पगारपत्रकाचा भाग सर्वांत आधी घ्या. पीएफ १२ टक्के कापलाय का, यूएएन (पीएफ क्रमांक) पासबुकात तो जमा दिसतोय का, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कामगाराचे ०.७५ टक्के कशावर काढलेत. पासबुक उघडून दाखवणं हाच गृहपाठ.

---

निर्देशांक · सायंकाळी ६.४०

पगारपत्रकाचा विषय निघालाच आहे तर महागाई भत्त्यासाठी अर्धा भाग राखून ठेवा. सर्वांत जास्त चुका इथे होतात.

औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आता २०१६ = १०० या मालिकेत येतो. जुने करार २००१ च्या किंवा त्याआधीच्या मालिकेवर आहेत. अखिल भारतीय आकड्यासाठी २०१६ वरून २००१ वर जायचा दुवा-गुणक २.८८. समजा नवा आकडा १४० असेल, तर १४० × २.८८ = ४०३.२. करारात पाया ३०० अंक आणि दर अंकाला २० रुपये असेल तर १०३ अंकांचे २,०६० रुपये. गुणक लावायचा विसरला तर १४० हा आकडा ३०० च्या खाली, आणि भत्ता शून्य दिसतो. ही चूक निदान लगेच लक्षात येते. अखिल भारतीय गुणक मुंबई केंद्राच्या आकड्याला लावला तर उत्तर पटण्यासारखं येतं आणि वर्षभर चुकीचं राहतं. प्रत्येक केंद्राचा गुणक वेगळा असतो.

मग ०.२ चं काय करायचं? करारात अपूर्णांक सोडायचा, पूर्णांक करायचा की दर लावायचा हे लिहिलेलं असतं. नसेल तर पुढच्या मागणीपत्रात ते लिहून घ्या.

---

लिंकिंग_फॅक्टर · सायंकाळी ७.००

सरासरी तीन महिन्यांची की एका महिन्याची, आणि किती महिने मागची, हेही.

---

निर्देशांक · सायंकाळी ७.०८

बरोबर. म्हणूनच नमुन्याचा करार न देता प्रत्येकाला आपल्याच युनिटचा करार उघडून ती ओळ शोधायला लावा.

---

टेबलावर · रात्री ९.२५

भत्त्याची चर्चा चांगली चालली आहे, पण वाटाघाटी फोनवर एकट्याने शिकता येत नाहीत. त्यासाठी थेट वर्ग लागतोच.

एका वर्गात १२ जण, ७५ मिनिटं. तीन युनियनच्या बाजूने, तीन व्यवस्थापनाच्या, सहा निरीक्षक. व्यवस्थापनाच्या तिघांना एक दिवस आधी गुप्त चिठ्ठी : कुठवर द्यायची तयारी आहे आणि कुठली मागणी कधीच मान्य नाही. १५ मिनिटं तयारी, २५ मिनिटं बोलणी, १० मिनिटं युनियनच्या बाजूची वेगळ्या खोलीत चर्चा, उरलेला वेळ निरीक्षकांचा. निरीक्षकांनी फक्त तीन गोष्टी टिपायच्या : आकडा पहिल्यांदा कुणी बोलला, कुणी दुसऱ्याचं वाक्य तोडलं, आणि मान्य झालेली गोष्ट लिहून घेतली की नुसतीच मान डोलावली.

वर्गाआधीचा गृहपाठ : मागणीची खरी किंमत काढणं. मूळ पगारात ४,००० वाढ मागितली, पीएफ पूर्ण पगारावर भरला जात असेल तर त्यात मालकाचे १२ टक्के म्हणजे ४८० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ४.८१ टक्के म्हणजे १९२ मिळवा. माणशी ४,६७२. ८० कामगारांसाठी महिन्याला सुमारे ३ लाख ७४ हजार, वर्षाला ४४ लाख ८५ हजार. ही ४.८१ टक्के आली कुठून ते शिकणाऱ्यानेच काढावं : वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा, भागिले १२. समोरच्याकडे हा तक्ता तयार असतोच. आपल्याकडेही असला की "परवडत नाही" या शब्दावर बोलणी थांबत नाहीत.

---

बाराचा_डबा · १४ जानेवारी, सकाळी ७.३५

थेट वर्ग रात्री आठला ठेवू नका ही विनंती. महिला प्रतिनिधी त्या वेळी ओट्यापाशी असतात, आणि पहिल्या पाळीचे लोक नऊला झोपतात. पाळी आठवड्याने बदलते, म्हणून तोच वर्ग आठवड्यात दोनदा घ्या : एकदा सकाळी ११ ला, एकदा दुपारी ४.३० ला. कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती करू नका. दहा बाय बाराच्या खोलीत मागे संपूर्ण घर दिसतं.

सहा कागदांत लैंगिक छळाची तक्रार नाही, ती घ्या. २०१३ च्या कायद्याखाली १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला सदस्य, एक बाहेरची व्यक्ती. तक्रार ३ महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. या भागात मुख्य शिकवण अशी की प्रतिनिधीने स्वतः तपास करायचा नसतो. तक्रार लिहायला मदत करायची, बाईला समितीपर्यंत सोबत करायची आणि तिचं नाव कुठल्याही ग्रुपवर जाऊ द्यायचं नाही. आरोप असलेला माणूसही आपलाच सभासद असेल तर दोघांना वेगवेगळे मदतनीस हवेत. हा प्रसंग सरावात घाला, कारण कमिटी इथेच फुटते.

---

पाना_पक्कड · सकाळी ८.१०

ताईंचं म्हणणं पूर्ण मान्य. सात कागद.

---

जुनं_गिरणगाव · सकाळी १०.५०

थोडं अवांतर, पण उपयोगाचं. पाळी संपल्यावरचं शिक्षण मुंबईला नवं नाही. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. पुढे १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ निघालं, त्याची रचना तीन पायऱ्यांची होती : शिक्षण अधिकारी कामगार-शिक्षक घडवायचे आणि कामगार-शिक्षक आपल्या युनिटमध्ये वर्ग घ्यायचे.

ही मधली पायरी ऑनलाइन अभ्यासक्रमात गाळली जाते आणि मग दोनशे लोक व एक वकीलसाहेब उरतात. प्रत्येक पट्ट्यातून चार-पाच जुन्या प्रतिनिधींना आधी तयार करा. एका मार्गदर्शकाकडे आठच्या वर शिकणारे नकोत. युनियन ऑफिसात आठवड्यातून एक तास चौघांनी एकाच फोनवर भाग ऐकून चर्चा केली तरी तो वर्गच आहे, त्याची हजेरी धरा.

---

लाल_पेन · दुपारी १२.२०

शिवडी_नाका यांचा चौथा प्रश्न राहिलाय : शिकला हे कसं ओळखायचं?

चार पर्यायांतून एक निवडा या प्रश्नांनी ओळखता येत नाही. त्यांची उत्तरं संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फिरतात. प्रत्येक भागाचा शेवट लिहिलेल्या कागदाने व्हावा. वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं चार्जशीटचं उत्तर, त्याचा फोटो मूडलवर. खरं प्रकरण असेल तर नाव, टिकीट नंबर आणि कंपनीचं नाव कागदाच्या पट्टीने झाकून मगच फोटो काढायचा. फोनमधल्या रंगवायच्या साधनाने खोडू नका, अर्धपारदर्शक फटकारा प्रकाश वाढवून वाचता येतो.

मार्गदर्शकाने तीन दिवसांत तीन ओळी लिहायच्या : काय चांगलं, काय राहिलं, कुठलं एक वाक्य पुन्हा लिहायचं. गुण नकोत.

वेळेचा हिशेब आधीच करा. २४ जणांची तुकडी, सात कागद, प्रत्येकी १० मिनिटं. १,६८० मिनिटं, म्हणजे २८ तास. तीन मार्गदर्शकांत वाटले तर प्रत्येकी नऊ तास वीस मिनिटं. हा वेळ कुणी धरत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात उत्तरं यायची थांबली की पाठोपाठ शिकणारेही थांबतात.

---

कायद्याची_वही · दुपारी २.००

लाल_पेन यांचा हिशेब वाचून एक मुद्दा. हा सगळा वेळ झोपेतून का काढायचा? ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याच्या कलम १६८ व १६९ प्रमाणे मान्यताप्राप्त युनियनच्या प्रतिनिधींना प्रशिक्षणासाठी भरपगारी वेळ मिळतो. तिथल्या एकास या सरकारी समेट संस्थेच्या आचारसंहितेत ई-लर्निंग ही वर्गाला जोड आहे, पर्याय नाही, आणि त्यासाठीही कामाच्या वेळेत सवड द्यावी असं म्हटलं आहे.

आपल्याकडे हे करारातून मिळवावं लागेल. कलमाचा मसुदा : "युनिट कमिटीच्या प्रत्येक सदस्यास दरवर्षी ४८ तास प्रशिक्षणासाठी भरपगारी मिळतील. ते सलग दिवसांत किंवा दोन तासांच्या तुकड्यांत वापरता येतील. प्रशिक्षण प्रत्यक्ष वा ऑनलाइन असू शकेल व त्याचा विषय युनियन ठरवील." शेवटचं वाक्य सोडू नका. नाहीतर त्या ४८ तासांत सुरक्षा सप्ताहाचे व्हिडिओ दाखवतील. आणि "दिवस" न लिहिता "तास" लिहा, ऑनलाइनला दिवस लागू पडत नाही.

---

दुसरी_पाळी · दुपारी २.४०

कंपनीच्या वायफायवर आणि कंपनीने दिलेल्या फोनवर हे उघडायचं नाही, हेही पहिल्याच पानावर लिहा.

---

शिवडी_नाका · रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. व्याख्यानं रेकॉर्ड करायचा बेत रद्द. व्याख्यात्यांना मुदतीची कार्डं तपासायचं काम देतो, त्यांच्या ज्ञानाचा तिथे खरा उपयोग आहे.

आता आराखडा असा. पहिली तुकडी २४ जणांची, तीन मार्गदर्शक. आठ आठवडे : पहिल्यात फोन, अ‍ॅप आणि पासवर्ड एवढंच, तेही ऑफिसात समोरासमोर. पुढचे सात, दर आठवड्याला एक कागद. प्रत्येक कागदाला एक आठ मिनिटांचा ऑडिओ, लागलाच तर एक छोटा व्हिडिओ, कार्डं, सराव, लेखी काम. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात थेट वर्ग, दोन्ही वेळांना. सूचना चॅनेलवर. कागदांचा क्रम पगारपत्रकापासून. दोन्ही भाषांची शब्दयादी आधी पूर्ण करू.

काही सुटतंय का?

---

खिडकी_सीट · रात्री १०.३५

तुकडी सुरू करण्याआधी पाच प्रतिनिधींच्या शेजारी बसा. त्यांच्या हातात फोन, तुमच्या हातात वही. काहीही सांगायचं नाही, मदत करायची नाही, अंगठा कुठे थबकतो ते फक्त लिहायचं. पाचांपैकी तिघे एकाच जागी अडले तर ते पान बदला. त्या पाचांत एक चाळिशी लावणारा आणि एक हिंदी वाचणारा असू द्या.

---

मूडल_मजूर · रात्री ११.००

पहिल्या थेट वर्गाला आठ आठवड्यांपैकी चौथ्यापर्यंत थांबू नका. दुसऱ्याच आठवड्यात अर्ध्या तासाची ओळख ठेवा. माणसाने आपल्या मार्गदर्शकाचा आवाज ऐकला असेल तर तो अडल्यावर फोन करतो.

शेवटचं कारभाराचं. डोमेन आणि सर्व्हर कुणा हौशी कार्यकर्त्याच्या नावावर घेऊ नका, युनियनच्या नावावर आणि युनियनच्या ईमेलवर घ्या. प्रशासकाचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे बंद पाकिटात. रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी जातो ना, आणि त्यातून कोर्स परत उभा राहतो ना, हे तीन महिन्यांतून एकदा करून बघा. डोमेन नूतनीकरणाची तारीख वर्गणीच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. पदाधिकाऱ्यांची निवडणूक झाली की पावतीपुस्तकं आणि शिक्के हस्तांतरित करतो, त्याच यादीत हे पाकीट जोडा आणि नव्या चिटणिसांची सही घ्या.

---

शिवडी_नाका · रात्री ११.१२

लिहून घेतलं. पाच जणांची चाचणी येत्या रविवारी परळला. तळोजा_फाटा, हिंदी वाचणारा एक जण तुमच्याकडून पाठवाल का?

---

तळोजा_फाटा · रात्री ११.२०

दोघे पाठवतो. एकाचा फोन दोन जीबी मेमरीचा आहे, त्यावर अ‍ॅप चाललं तर सगळ्यांच्या फोनवर चालेल.